गाईंच्या वाटेत तोफ

ब्रुनेलाच्या शिंगांवर फुलांचा मुकुट चढला, आंद्रीनानं तिची दोरी धरली, कळप निघाला. आणि पहिल्याच वळणावर, खिंडीत, रस्त्याच्या मधोमध विमानविरोधी तोफ उभी!

उन्हाळाभर डोंगरावर चरलेली गुरं आज खाली गावात न्यायची होती. कळपाच्या पुढे चालायचा मान सोळा वर्षांच्या आंद्रीनाला यंदा पहिल्यांदाच मिळाला होता. खाली अख्खं गाव नटूनथटून ताटकळत होतं. आणि तोफेपाशी कोण? तिचे गणिताचे काडुफ सर! या देशात वर्षातले काही आठवडे सगळ्यांनाच फौजेत जावं लागतं; तिथे सर कप्तान असतात.

"आंद्रीना, मागे फिर. हवाई संरक्षणाचा सराव चाललाय. शत्रूचं विमान कुठल्याही क्षणी येईल."

"कुठला शत्रू, सर?"

"ते ठरवलेलं नाही. आपण तटस्थ आहोत."

"मग तोफ तिकडे सरकवा ना."

"सपाट जागा एवढीच आहे. आराखड्यात तसंच आहे."

"आणि आजच्या दिवशी रस्ता गुरांचा, हे गावसभेत हात वर करून ठरलंय. त्याचं काय?"

रडारच्या पडद्यामागून एक टक्कल वर आलं. शिपाई टुओर, एरवी शाळेचे मुख्याध्यापक, म्हणजे काडुफ सरांचे साहेब. "पोरगी बरोबर बोलतेय, काडुफ. मीही हात वर केला होता."

"शिपाई टुओर, तू... तुम्ही... कृपा करून पडद्याकडे बघा!"

"ठराव मोडायचाय? मग आधी मत घ्या."

"घ्या की!" बाकीचे शिपाई ओरडले. तेही गावातलेच.

काडुफ सरांना घाम फुटला. "बरं बाबांनो! गाईंना वाट द्यावी, असं कुणाला वाटतं?"

सगळे हात वर. तोफेवर एकही नाही. नेमकं तेव्हाच डोंगराआडून विमान आलं आणि डोक्यावरून गेलं. गळ्यातल्या घंटांच्या दणदणाटात कुणाला पत्ताच नाही.

"विरोधात?" सरांनी एकट्यानंच हात ताठ वर केला. विमान वळून पुन्हा डोक्यावरून गेलं.

वायरलेस खरखरला. सरावाचे पंच, कर्नलसाहेब. "वैमानिक कळवतोय, पहिल्या फेरीत तुकडी हात वर करून शरण आली, दुसऱ्या फेरीत कप्तान. खिंड शत्रूच्या ताब्यात. तोफ हटवा, रस्ता मोकळा करा."

तोफ बाजूला गेली. "जा बाई आता," सर पडेल आवाजात म्हणाले.

आंद्रीनानं रस्त्यातच फतकल मारली. ब्रुनेला थांबली, मागचा सगळा कळप थांबला.

"शत्रूच्या मेहेरबानीनं मी नाही जाणार. आमचा ठराव आहे म्हणून जाणार."

"अगं, खोटा शत्रू आहे तो!"

"मग खऱ्या गावानं त्याला का शरण जायचं?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. गाईंकडे बघितलं. मग वायरलेस उचलला. "साहेब, खिंड पडलेली नाही. रस्ता अजून अडवलेला आहे."

"कुणी?"

काडुफ सर ताठ उभे राहिले. "आमच्या राखीव दलानं."

"आराखड्यात राखीव दल नाही, कप्तान!"

"गावानं हात वर करून ठरवलंय, साहेब."

कर्नलसाहेबांनी सुस्कारा सोडला. "मतदान झालं असेल, तर मी कोण बोलणार?"

आंद्रीना उठली, झगा झटकला, आणि राखीव दल शेण टाकत, घंटा बडवत, अजिंक्य गावाकडे निघालं.