मन्मथअप्पांचे खोकले

मन्मथअप्पा मेलेल्या माणसासारखे खोकत. कुणाही मेलेल्या माणसासारखे नव्हे. आम्ही ज्या घरात बसलेलो असू, त्या घरातून गेलेल्या माणसासारखे. अगदी हुबेहूब.

आधी आमचं काम सांगते. न्यूमोनिया, क्षय, फ्लू असल्या छातीच्या आजारांनी मुखेड तालुक्यात किती माणसं जातात, किती जण किती दिवस अंथरूण धरतात, याची पाहणी चालू होती. मयताच्या घरी जायचं, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारायचं आणि फॉर्म भरायचा. तो वाचून शहरातला डॉक्टर मरणाचं कारण ठरवणार. मी लातूरहून आलेली, टॅबवर उत्तरं भरणारी. अप्पा आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले, प्रश्न विचारणारे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पायात टायरच्या चपला, आणि 'म्हातारपण' या शब्दावर जन्माचा राग.

"म्हातारपणानं गेले," असं कुणी म्हटलं की अप्पा उसळायचे. "म्हातारपण हा रोग हाय का? अन् 'तापानं गेले' म्हणजे गाडीनं गेले म्हणल्यावानी झालं. कोणत्या गाडीनं? कवा? कुठून बसले?"

फॉर्मवर प्रश्न असायचा, खोकला कसा होता? आता खोकला कसा होता हे कोण सांगणार? लोक म्हणत, "खोकल्यासारखा खोकला." मग अप्पा बैठक मारून सुरू करायचे. "असा? का असा? का लई खालून, असा?" घरातली माणसं दुरुस्त्या सुचवायची. "थोडा घोगरा. हां, अन् मधी कण्हायचे." पाच-सहा खोकल्यांत अप्पा नेमके तिथं पोचायचे.

देगलूरच्या रस्त्यावरच्या एका गावात असंच चाललं होतं. म्हातारा पावसाळ्यात गेलेला. मुलगा समोर, सून आत भाकरी थापत होती. अप्पांचा सातवा खोकला बरोबर बसला, आणि आतला थापण्याचा आवाज थांबला. सून डोक्यावर पदर ओढून दारात उभी राहिली. सासरा उंबऱ्याशी खाकरला की सुना जशा उभ्या राहतात, तशी. तिला स्वतःलाच कळलं नाही आपण का उठलो ते. तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी हललं नाही.

अप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "लिव्ह ताई. कफाचा. तीन आठवडे."

ही गोष्ट गावोगाव गेली. आठवडी बाजारात लोक अप्पांना वाट करून देऊ लागले. हॉटेलवाला आधीच कप पुढं करायचा, "च्या घ्या अप्पा, फुकट घ्या. पण हितं खोकू नका."

मग एका बाजारच्या दिवशी गयाबाई आल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचा फॉर्म आम्ही भरला होता. अप्पांच्या खोलीत आम्ही फॉर्म तपासत होतो, त्या पायरीवर बसल्या. हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"एकदा त्यांच्यावानी खोका की," त्या म्हणाल्या.

अप्पांचा चेहरा उतरला. "न्हाई माय. ते फॉर्मापुरतं हाय. गेलेल्याला असं बोलवू न्हाई."

"बोलवायलाय कोण? खुरपून आले होते मी दुपारची. हे खोकायले, पाणी मागायले. मी म्हणलं, जरा दम धरा की. अन् आडवी झाले. उठले तवा..." त्यांनी हातातल्या तांब्याकडं पाहिलं. "एकदाच, अप्पा."

 अप्पा भिंतीकडं तोंड करून खोकले. बारीक, कोरडा, शेवटी शिट्टीसारखा.  भिंतीतूनच कुणी खोकल्यासारखं वाटलं.

गयाबाई ताडकन उठल्या. "आले, आले," म्हणाल्या आणि तांब्या पुढं केला. अप्पा वळले आणि तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्याले. गयाबाई त्यांच्या घशाची हालचाल बघत राहिल्या. मग रिकामा तांब्या घेऊन निघून गेल्या.

पाहणी संपली. अप्पा मला एसटी स्टँडवर सोडायला आले. मी विचारलं, "अप्पा, आपल्या माणसाचा खोकला काढलात का कधी?"

"आमच्या हिचा येत न्हाई मला," ते म्हणाले. "ती खोकायली तवा मी नोकरीवर, गावोगाव दुसऱ्यांचे खोकले लिवीत फिरायलो. ती गेली अन् आपल्याच खात्याच्या माणसानं फॉर्म घेऊन येऊन मला इचारलं, खोकला किती दिवस? कोरडा का कफाचा? शेजारीण म्हणली पंधरा दिवस. मला कायच ठावं नव्हतं. मीच त्याला 'माहीत नाही'च्या चौकटीत खूण करायला लावली."

गाडी लागली. अप्पांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली. "घरी कोण हाय?"

"आई."

"फोन कर. बरी हाय म्हणंल ती. तरी लगीच ठिवू नको."

मुखेड मागं पडल्यावर मी फोन लावला. "बरी हाय मी," आई म्हणाली. "ये नीट."  आई बोलायची थांबली. मी फोन कानाला तसाच धरून, ती खोकते का ते ऐकत राहिले.