रावसाहेबांची थंडीतली झोप

आमच्या शेजारचे दाजीकाका एका धामणीला ‘रावसाहेब’ म्हणत आणि तिच्याशी अहो-जाहो करून बोलत. धामण बाई की बुवा, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायचं कसं, तेही आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या पडवीत वेताच्या पेटाऱ्यात रावसाहेब होते, आणि “सूनबाई, जरा हळू कांडा, रावसाहेब आत्ताच पडलेत,” हे मला ऐकून घ्यावं लागे. मी त्यांची सून नव्हे हो! नौपाड्यातल्या आमच्या आळीत ते माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, म्हणून आपली सूनबाई.

काका मीठखात्यात कारकून होते. पेन्शन झाली त्या पावसाळ्यात खाडीच्या बांधावर मजूर ही धामण ठेचायला निघाले होते. काकांनी ती छत्रीत घालून घरी आणली आणि स्वतः भिजत आले. काकूंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमचे हे म्हणाले, “म्हाताऱ्याला खूळ लागलं.” मी म्हटलं, लागू दे, पण कुंपणाच्या पलीकडे लागू दे.

पुढे मात्र आळीचं मत पालटलं. ज्याच्या त्याच्या सापळ्यातला उंदीर काकांकडे जाऊ लागला. मारायचं पाप नको नि लांब नेऊन सोडायची दगदगही नको! पावसाळाभर रावसाहेबांनी नुसता ताव मारला. काका कौतुकाने सांगत, “चातुर्मासात आपण कांदा सोडतो, आणि यांची चंगळ बघा. प्रकृतीच निराळी!” नागपंचमीला बायका दूध-लाह्या घेऊन आल्या, तर काका दारातच आडवे. “दूध नको, बाधतं. घरात उंदीर असला तर द्या.” बायका जोडलेले हात तसेच घेऊन परत गेल्या.

दिवाळी सरली, हवेत गारवा आला आणि रावसाहेबांनी तोंड मिटलं. लठ्ठ उंदीर झाला, कोवळा उंदीर झाला, बेडूक झाला. ढुंकून बघतील तर शपथ. काकांचा जीव खालीवर. त्यांनी पेटाऱ्याला काकूंच्या हातची गोधडी गुंडाळली आणि शेजारी शेगडी पेटवली. ती दिवसरात्र धगधगत ठेवायची. ठाण्याची थंडी ती काय, पण काका लेकुरवाळ्या बाईसारखे निखारे फुंकत बसलेले. टिटवाळ्याच्या गणपतीला नवससुद्धा बोलले.

घरातलं वडीलधारं माणूस अन्नाला शिवत नाही, एवढंच कानावर आल्यामुळे आळीत नवे आलेले वैद्यबुवा आपणहून धावून गेले. “नाडी बघू,” म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि काकांनी अगत्याने झाकण काढलं. वैद्यबुवांचा एक जोडा कितीतरी दिवस आमच्या परसात पडून होता.

हसून हसून माझी मुरकुंडी वळली खरी, पण एकदा मीही डोकावले. रावसाहेब पेटाऱ्यात सारखे गोल गोल फिरत होते. अंगावरचं कातडं सैल पडलं होतं.

“काका, सोडून द्या हो त्यांना,” मी म्हटलं.

“सोडू?” काका माझ्याकडे बघतच राहिले. “मग घरात उरलं कोण?”

पौषात त्यांना एका आप्ताच्या तेराव्याला कल्याणला जावं लागलं. मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी आगगाडीने परत आले, तर शेगडी विझून गार. मी धुणं वाळत घालत होते. आतून काकांचा हंबरडा ऐकू आला. धावत गेले. रावसाहेब वेटोळं करून निपचित पडलेले. काका त्यांच्या अंगावरून हात फिरवत रडत होते. मग एकदम थांबले.

“सूनबाई, श्वास चालू आहे. अहो, हे झोपलेत!”

त्यांची नजर विझलेल्या शेगडीकडे गेली. मग हळूच म्हणाले, “थंडीत यांना बिळात नुसतं पडून राहायचं असतं. म्हणून भूक नव्हती. आणि मी मेला निखारे घालून जागं ठेवलं. उपास तो उपास, वर जागरण! माझ्या मायेनंच मारत होतो की यांना.”

त्यांनी गोधडी काढली, पेटारा मागच्या गार खोलीत नेऊन ठेवला आणि दार लोटून घेतलं.

त्याच दुपारी, आमची पानं वाढून झाली आणि काका दारात उभे. हातात स्वतःचा पाट. मी माजघराच्या दाराआड झाले.

ह्यांच्याकडे बघत ते म्हणाले, “होळीपर्यंत तुमच्या पंगतीला बसू का? तांदूळ मी आणून देईन. काकू गेल्यावर पेटाऱ्याशेजारी पाट मांडून जेवत होतो. एकट्याने घास उतरत नाही रे.”

खूळ लागलं म्हणणाऱ्या आमच्या ह्यांनीच आपला पाट सरकवून जागा केली. मी पान वाढलं. काकांनी तीनदा भात मागून घेतला, आणि वाढता वाढता माझे डोळे भरून आले.

होळी झाली, उन्हं तापली. एके सकाळी काका अंगणातूनच ओरडत आले, “रावसाहेब उठले! आख्खा उंदीर घेतला, सूनबाई!” चेहरा कसा उजळला होता. मग कोपऱ्यातला आपला पाट उचलून म्हणाले, “चला, तुमची सुटका झाली. आता घरी जेवेन.”

मी आतूनच म्हटलं, “पाट ठेवा खाली. आधण तुम्हाला धरून चढवलंय.”

काकांनी पाट पोटाशी धरला. मग हळूच विचारलं, “उद्यासुद्धा चढवाल?”