हत्तीची ओल

आमच्या शेजारचे दिगंबरकाका हत्ती चावतात. हत्ती कागदाच्या लगद्याचा असतो, पण चावणं अगदी खरं असतं. गच्चीवर वाळत ठेवलेला वीतभर हत्ती उचलायचा, त्याचा मागचा उजवा पाय दाढेखाली धरायचा, डोळे मिटून हळूच दाब द्यायचा आणि मग आभाळाकडे बघत निकाल सांगायचा, "ओल हाय अजून." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कपडे वाळत घालत होतो. हातातला टॉवेल तसाच टाकून मी खाली गेलो आणि बायकोला म्हणालो, "सुनीता, काकांचं जेवणाचं कोण बघतं गं?"

काका मूळचे वाटूरचे. सगळी नोकरी जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत झाली. काम एकच, बियाणं पिशवीत जाण्याआधी त्यातली ओल तपासायची. कंपनीनं त्यासाठी मशीन आणलं होतं, पण काकांचा त्या मशीनवर कधी विश्वास बसला नाही. दाणा दाढेखाली कटकन फुटला तर वाळला, दबला तर ओला. काका रिटायर झाले, पण त्यांची दाढ काही झाली नाही.

आता त्यांना जगात सगळीकडे ओलच दिसते. सुनीताचे पापड, आमच्या दाराचा नवा रंग, महानगरपालिकेनं केलेला रस्ता, सगळ्यांना काका बोट लावून बघतात आणि मान हलवतात. माझ्या मेहुणीला बघायला एक मुलगा आला होता. चहापोहे झाले, मुलगा गेला. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "सर, पोरगं चांगलं हाय, पण ओल हाय. दोन वर्षं वाळू द्या." सासरेबुवा अजून मला त्याचा अर्थ विचारतात.

हे लगद्याचं वेड मात्र मूळचं काकांचं नव्हे, काकूंचं. काकू रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालून त्याच्या टोपल्या करायच्या. तीन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी घमेलंभर कागद भिजत घातला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या परत आल्या नाहीत. तेरावा झाला, पाहुणे गेले, मुलगी नांदेडला सासरी गेली, आणि मोरीत ते घमेलं तसंच. काकांना ते फेकवेना आणि त्याचं काय करायचं तेही कळेना. शेवटी त्यांनी ते ओट्यावर आणून ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले. गल्लीतल्या पोरांना चिखल दिसल्यावर काय, सगळी त्यात कोपरापर्यंत हात घालून मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत एक कासव, दोन बेडूक आणि ओळखू न येणारं एक जनावर तयार झालं. काका म्हणाले, "उद्या या. वाळलं का बघू." तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता काकांच्या घरात सहा पोरं असतात, माझी ओवी धरून. ओवी पहिलीत आहे.

या उद्योगाला खर्च काहीच नाही. रद्दी, मेथ्या, पाणी आणि ऊन. पण काकांचे नियम ऐकून भलेभले गार होतात. पहिला नियम, ज्या पानावर पावसाचा अंदाज छापलाय ते पान लगद्यात घालायचं नाही, ते जन्मात वाळत नाही. दुसरा नियम, कुणाचाही चेहरा कुटायचा नाही. त्यामुळे आधी पोरं कात्री घेऊन बसतात आणि पेपरातली सगळी माणसं कापून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की पानभर शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो येतात, मग त्या दिवशी लगदा होतच नाही, संध्याकाळ नुसती शुभेच्छुक कापण्यात जाते. असे आता चार डबे भरलेत. तिसरा नियम, एका पोराचं एका वेळी एकच जनावर. ते वाळलं की घरी न्यायचं. वाळलं की नाही ते काका ठरवणार.

मेथ्या काका दोन-दोन किलो आणतात. एकदा किराणावाल्यानं आवाज खाली आणून विचारलं, "काका, शुगर किती निघाली?" काका म्हणाले, "मला न्हाई, अस्वलाला." त्या अस्वलाचीही एक कथा आहे. लगद्याला आकार यावा म्हणून तो तांब्यावर थापतात आणि सुकत आला की तांब्या काढून घेतात. या अस्वलाच्या वेळी तो निघालाच नाही. दोन दिवस खटपट करून काकांनी नाद सोडला. आता पाहुण्यांना पाणी अस्वलातून मिळतं. काका त्याची मान धरून ओततात आणि वर बजावतात, "ह्याची ओल आता कधी जायची न्हाई."

तर मार्चमध्ये ओवीच्या शाळेतून चिठ्ठी आली. शनिवारी टाकाऊपासून टिकाऊ वस्तूंचं प्रदर्शन, प्रत्येक मुलानं स्वतः केलेली वस्तू आणावी. मी निवांत होतो. ओवीचा हत्ती काकांच्या गच्चीवर तीन आठवडे वाळत पडला होता आणि ऊन असं होतं की गच्चीवर चप्पल विसरली तर ती वाकडी होऊन मिळायची. शुक्रवारी मी ओवीला घेऊन काकांकडे गेलो.

काकांनी हत्ती उचलला, पाय दाढेखाली धरला, डोळे मिटले. "ओल हाय."

"काका, तीन आठवडे झाले."

"पोटात हाय, सर. वरून दिसत न्हाई. आतून अजून वाळायचा हाय तो. सोमवारी बघू."

"प्रदर्शन उद्या आहे!"

"मंग पुढच्या सालच्या प्रदर्शनात ठेवा. हत्तीला काय घाई हाय?"

ओवीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि माझं डोकं तापलं. मी काकांच्या हातातून हत्ती घेतला आणि पुढचा डावा पाय स्वतः चावला. एम.ए. झालेला माणूस, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, भर गच्चीवर हत्ती चावतोय. पाय कडक होता, माझी दाढ दुखली. "वाळलाय!" मी ओरडलो.

"तुम्हाला काय कळतं, सर? तुमच्या दाताला सवय न्हाई."

तेवढ्यात खालून रज्जाकभाई चालले होते. रज्जाकभाईंचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्या मालाची ओल तेही दातानंच बघतात. मी त्यांना वर बोलावलं. त्यांनी आधी चप्पल काढली, चूळ भरली, मग हत्ती हातात घेतला आणि विचारलं, "कौनसा पैर बाकी है?" उरलेल्यांपैकी एक पाय त्यांना दिला. त्यांनी कटकन आवाज काढला.

"काका, ह्यात ओल न्हाई. बिलकुल सुका है."

काकांनी हत्ती परत हातात घेतला. रज्जाकभाई मात्र धंद्याचा माणूस, समोर माल दिसल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी पिंट्याचा जिराफ चावला, आयेशाचं कासव चावलं, गच्चीवरची सगळी जनावरं एकेक करून चावली. "ये भी सुका. ये भी. अरे काका, हा कासव तर दिवाळीपासून वाळून पडलाय, मोंढ्यात आणला असता तर जल्दी बोली लागली असती!"

गच्चीवर एवढा गलका ऐकून बाकीच्या पोरांच्या आयाही वर आल्या होत्या. प्रदर्शन सगळ्यांच्याच पोरांचं होतं. ज्यानं त्यानं आपापलं जनावर उचललं. काकांनी कुणालाच अडवलं नाही. ओवीच्या हातात हत्ती देताना ते म्हणाले, "ने, माय. बराबर हाय. वाळला." मी जिंकलो होतो, त्यामुळे त्यांच्या तोंडाकडे माझं लक्षच गेलं नाही. जिना उतरताना मी रज्जाकभाईंची पाठ थोपटली.

प्रदर्शनात हत्तीचं कौतुक झालं. बाकी टेबलांवर बाजारातून आणलेली चमकी, तयार फुलं आणि आईबापांची हुशारी मांडलेली होती. बाईंनी हत्तीच्या पायावरून बोट फिरवून विचारलं, "हे असे बारीक खळगे कसे केलेस गं? किती नैसर्गिक दिसतात!" ओवी म्हणाली, "दातांनी." बाईंना वाटलं पोरगी गंमत करते. हत्तीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

सोमवारी पाच वाजले तरी ओवी घरातच. मी विचारलं, "काकांकडे नाही गेलीस?"

"हत्ती वाळला ना."

"मग नवीन कर की काहीतरी."

"पिंट्याची आई नको म्हणाली. परीक्षा आहे म्हणून. आयेशाची पण नको म्हणाली." मग ती म्हणाली, "एकटीसाठी कागद कसा भिजवायचा? काकाच कुंपणापलीकडून म्हणाले, राहू दे."

मी गच्चीवर गेलो. पलीकडे काका मोकळ्या गच्चीवर बसले होते. पुढ्यात पेपर, हातात कात्री. एकटेच चेहरे कापत होते. एक कापायचा, डब्यात टाकायचा, दुसरा कापायचा. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की मान वर व्हायची. पाऊल शेजारच्या घराचं असायचं. तीन आठवडे ती हत्तीची ओल कुठे होती ते मला तेव्हा कळलं. मराठी शिकवणाऱ्या माणसाला इतकं उशिरा कळावं याची मला खरोखर लाज वाटली. जाऊन काहीतरी बोलावं असं फार वाटलं, पण काय बोलणार? काका, चुकलो, हत्ती ओलाच होता?

बुधवारी कॉलेजातून आलो तर ओवी न्हाणीघरात. बादली काठोकाठ भरलेली आणि त्यात हत्ती. सोंड तेवढी वर. उत्तेजनार्थ बक्षिसाची लाल फीत पाण्यावर तरंगत होती.

"अगं, हे काय केलंस!"

"सकाळीच घातलाय," ती म्हणाली. "बघ ना, झाला का ओला? तू चाव."

मी हात उगारला होता, तो तसाच खाली आला. बादलीतल्या हत्तीला मी अंगठ्यानं दाबलं. अंगठा पोटात गेला. "झाला," मी म्हणालो.

दोघांनी मिळून हत्ती ताटात घेतला आणि काकांकडे निघालो. अंगणभर पाण्याची धार. फाटकात पिंट्या भेटला, त्याच्या बादलीतून जिराफाची मान बाहेर लोंबत होती. मागून आयेशा येत होती, तिचं कासव तर परातीत पातळ पिठलं झालं होतं. कुणी कुणाला सांगितलं, कुठे ठरलं, आम्हा मोठ्यांपैकी एकालाही पत्ता नव्हता.

काकांनी दार उघडलं. समोर टपटप गळणारी तीन जनावरं आणि मागे अपराधी चेहऱ्यानं मी. त्यांनी हत्ती हातात घेतला. कान सुटून माझ्या तळहातावर पडला. काकांनी त्या लगद्यात बोट रुतवून बघितलं. मग ते ओवीसमोर खाली बसले.

"लई ओल धरली गं, माय," ते म्हणाले. "पावसाळा जाईल ह्यात. रोज येऊन बघावं लागंल."

"रोज?" ओवीनं विचारलं.

"रोज," काका म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना. हत्तीचा कान हातात धरून मी आत गेलो आणि परात शोधायला लागलो.