गांगुर्डे काकांचा उजेडाचा डबा

आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याच्या पिशवीत बॅटरी असली, तर पाहुण्याचा चहा संपायच्या आत ती शेजारच्या गांगुर्डे काकांच्या हातात गेलेली असायची. बॅटरी म्हणजे हातातली, सेलवाली. काका दारातूनच विचारायचे, "प्रवास कसा झाला? बॅटरी आणलीय का?" हरसूलच्या माझ्या मामांची चार सेलांची बॅटरी त्यांनी अशीच उचलून नेली आणि तासाभराने परत आणून दिली, वर चिठ्ठी चिकटवून: 'सव्वाअकरा मेणबत्त्या. काच पुसत जा.' पुढच्या खेपेला मामा आले ते बॅटरी घरी ठेवूनच.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांच्या घरात नवीनच राहायला आलो होतो. काकांची नोकरी वजनमापं तपासण्याची. दुकानदाराने तागडीच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली असली तर ती यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायची. 'अंदाजे' या शब्दाशी त्यांचं उभं वैर. एकदा मी म्हणाले, "अंदाजे पाच वाजले असतील." तर म्हणाले, "शीलाताई, अंदाजे पाच कधी वाजत नाहीत." दगू दूधवाल्याचं तळ आत ठोकलेलं माप त्यांनी भर गल्लीत पकडलं, तेव्हापासून दगू दूध काठोकाठ घालायचा, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून.

आणि पायाला भिंगरी. चहासुद्धा उभ्याने, अर्धा आमच्या दारात, अर्धा त्यांच्या ओट्यावर. बोलणं सुरू करायचे ते चालत, आणि संपायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचलेले. मला तर त्यांच्याशी बोलून मान दुखायची.

तर हे बॅटरीचं वेड कुठून आलं ते सांगते. आलं गांगुर्डे काकूंमुळे. काकू नामपूरच्या. बाई सोन्यासारखी, अहिराणी वळणाचं बोलणं गोड. पण दिवेलागणीला वीज गेली की त्यांची पंचाईत व्हायची. नळावर जाताना एकदा पायरी चुकली, एकदा तर हातात बॅटरी असून सरळ गटारात पाय. गुडघा फुटला. मी हळद लावत म्हटलं, "काकू, डोळे दाखवा एकदा." त्यांनी माझा हातच बाजूला केला. "माझ्या डोळ्यांले काय झालं? बॅटरीच मंद शे."

कारण मला नंतर कळलं. त्यांच्या आईच्या डोळ्यात कुणा फिरत्या वैदूने, डोळे बरे करतो म्हणून, सुई घातली होती. त्यानंतर ती माउली मरेपर्यंत भिंत चाचपत चालली. काकूंनी तेव्हाच शपथ घेतली होती की आपल्या डोळ्यांना कुणाचा हात लागू द्यायचा नाही. म्हणजे गोष्ट सरळ होती. दोष एकतर बॅटरीचा, नाहीतर काकूंचा. काकांना तो बॅटरीचाच हवा होता, आणि पुराव्यानिशी हवा होता.

म्हणून त्यांनी तो डबा केला. लांबट लाकडी खोकं, आतून काजळी फासलेलं. मधोमध पांढरा कागद उभा, त्यावर तेलाचा एक थेंब. एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूने बॅटरी. बॅटरी पुढेमागे सरकवायची आणि बारीक फटीतून कागदाकडे बघायचं. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की तेलाचा डाग दिसेनासा होतो. मग पट्टीने अंतर मोजायचं आणि हिशेब करून सांगायचं, ही बॅटरी इतक्या मेणबत्त्यांची.

ऐकायला सोपं वाटतं. काकांनी त्यात कॉलनीचा जीव काढला. मेणबत्ती प्रत्येक वेळी तेवढ्याच वजनाची हवी म्हणून ती काट्यावर तोलायची. वात नखं कापायच्या कात्रीने कापायची. डाग शेंगदाणा तेलाचा की करडईचा यावर काकूंशी चार दिवस वाद झाला, शेवटी करडई जिंकली. मग खिडक्यांना चादरी लावून, दार लोटून मापन सुरू. अर्धी कॉलनी बॅटऱ्या घेऊन ओट्यावर, आणि आतून काकांचा आवाज, "बोलू नका, ज्योत हलते."

दोन महिन्यांत त्यांनी सगळ्यांच्या बॅटऱ्या मोजल्या. पंचाईत अशी झाली की सगळ्यात चांगली निघाली ती त्यांच्याच घरातली, काकूंच्या हातातली.

मग काकांचं जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. सेल बदलले, बल्ब बदलला, कागद बदलला, करडई सोडून तिळाचं तेल आणलं. आकडा तोच. रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणायचे, "डब्यात काहीतरी चुकतंय," आणि उत्तर न ऐकता परत फिरायचे. मला राग यायचा, लपवत नाही. तिकडे बाई भिंतीला धरून चालतेय आणि हा माणूस तेलं बदलतोय. एक दिवस मी बोलून टाकलं, "काका, डबा खोटं बोलत नाही. तुम्हालाही ते कळतंय."

ते चालता चालता थबकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून कुठेतरी जाऊन आले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि नेहमीप्रमाणे ओट्यावर मंडळी जमली. दगूही आला होता, मजा बघायला. काकांनी घरची बॅटरी पुन्हा डब्याला लावली. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणस तुमना डबा? मंद शे ना बॅटरी?"

काका फटीला डोळा लावून बराच वेळ वाकलेले होते. मग सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डबा बरोबर आहे. माझे डोळे गेलेत. डाग मला नीट दिसतच नाही. आजवरची सगळी मापं रद्द समजा."

दगू हसला. "मग काका, माझं दुधाचं मापही तुमच्या डोळ्यांनीच चुकवलं असंल."

काका म्हणाले, "असेल."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. हाच माणूस त्या मापासाठी दगूशी तासभर भांडला होता.

मग ते काकूंकडे वळले. "उद्या नाशकात शालिमारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. मला एकट्याला भीती वाटते. तू चल."

काकू लगेच उठल्या. "चला ना. तुम्हाले एकलं कसं सोडू मी?"

डॉक्टरने आधी काकांना तपासलं आणि मग, आता आलाच आहात तर बघू, म्हणून काकूंना बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काका म्हणाले, तुझं ऑपरेशन आधी होऊ दे, म्हणजे मला धीर येईल. काकूंनी नवऱ्याला धीर द्यायचा म्हणून ऑपरेशन करून घेतलं. ते छान झालं. काकूंना जाड भिंगांचा चष्मा लागला आणि काकांचं काळ्या काड्यांच्या चष्म्यावरच भागलं. कॉलनीत पुढे बॅटरी घेऊन कुणी त्यांच्याकडे गेलं नाही. मापाची तक्रार केली की दुकानदारही म्हणायचे, काका, आधी चष्मा पुसा. ते ऐकून घ्यायचे.

वर्षभराने एका सकाळी काका आमचं बंद पडलेलं घड्याळ बघायला आले. पाटावर उभं राहून आमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, मग घड्याळ उघडलं. काम करताना चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि तसेच गेले. मी गंमत म्हणून तो डोळ्यांवर चढवला. कॅलेंडरवरची बारीक तिथी जशी होती तशीच दिसली. काढला, पुन्हा लावला. नंबर नव्हताच. साधी काच होती.

तेवढ्यात काका दारात. मी तशीच उभी, त्यांचा चष्मा माझ्या नाकावर. मला रडू आलं. ते हळूच म्हणाले, "डॉक्टरांना मी आधीच भेटून सगळं सांगून आलो होतो." आणि हात पुढे केला. मी चष्मा पदराने पुसून दिला.

त्यांच्या ओट्यावरून काकूंची हाक आली, "अहो, या लवकर. पेपर वाचून दाखवते. तुम्ही डोळे ताणू नका."

काकांनी चष्मा लावला, गेले आणि काकूंच्या शेजारी मांडी घालून बसले. काकू बोट ठेवून एकेक शब्द वाचत होत्या. धरणातल्या पाण्याची पातळी सांगताना त्यांचा आकडा सहा फुटांनी चुकला. खरा आकडा मीही मघाशी वाचला होता, आणि काकांनीही.

काका म्हणाले, "हो का? बरं झालं. पुढे वाच."