माळीबुवांचं लॅटिन

"लॅटिन ना? दीड महिन्यात घडाघडा बोलून दाखवतो! शिकवणी नको की गुरू नको. आपलं आपण!" माळीबुवांनी चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं.

उगाच नव्हे बरं का! वनस्पती उद्यानात मुख्य माळ्याची जागा निघाली होती आणि नोकरीबरोबर दोन खोल्यांचं घर होतं. सध्या माळीबुवा, त्यांची बायको आणि सासरे एकाच खोलीत राहत. सासऱ्यांनी कूस बदलली की उरलेल्या दोघांना उठून बसावं लागे. जाहिरातीच्या तळाशी लिहिलं होतं, 'झाडांची लॅटिन नावं येत असल्यास उत्तम.'

"जावईबापू, अहो गेल्या वर्षी पोहायलाही आपलं आपणच शिकला होता ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते पाणी खोल होतं!" माळीबुवा गुरगुरले.

झालं! अर्ज गेला. एक जाडजूड पुस्तक आलं. मोबाइलवर रोज एक तारा बक्षीस देणारे धडे आले. झारीने पाणी घालताना कानात लॅटिन, जेवताना लॅटिन. महिना सरला तेव्हा माळीबुवांकडे तीस तारे जमले होते आणि नावं पाच.

मग पुस्तकात एक जालीम उपाय सापडला. मातृभाषेची कुबडी फेकून द्या! बघून लिहू नका, आठवून लिहा!

नवरा-बायको एकाच रोपवाटिकेत कामाला. त्या दिवशी बायको सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात गेलेली. माळीबुवांनी मोकळं रान बघितलं, दोनशे ट्रेंमधल्या नावाच्या पट्ट्या उपसल्या, पुसून लख्ख केल्या आणि आठवून आठवून लॅटिन लिहायला बसले. चार नावं आठवली, ती एकेका पट्टीवर लिहिली. पाचवं, वांग्याचं 'सोलॅनम', जिभेवर छान बसलं होतं. ते बाकी सगळ्यांवर लिहिलं!

रोपं जेमतेम दोन-चार पानांची. त्या वयात सगळी सारखीच दिसतात हो!

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. "मिरचीची चार रोपं द्या."

"सोलॅनम न्या!"

"ते काय असतं?"

"मोठं झालं की कळेल."

गिऱ्हाईक गेलं ते थेट मालकाकडे. मालक तणतणत आले आणि नेमक्या त्यांच्या मागोमाग उद्यानाच्या प्रमुख बाई, उमेदवाराचं काम बघायला!

"हे काय लावलंय?" बाईंनी विचारलं.

"सोलॅनम."

"आणि हे?"

"हेही… सोलॅनमच."

"ही सगळी रांग?"

"मोठं कुटुंब आहे, बाई!"

मालकांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बायको पदर खोचून पुढे आली. एकेक पान बोटांनी चोळलं, हुंगलं आणि सुरू झाली. "हा टोमॅटो. हा झेंडू. हे वांगं, देठ बघा कसा जांभळट आहे. ही मिरची… अहो, बघत काय उभे राहिलात? पुसा त्या पट्ट्या!"

माळीबुवा पट्ट्या पुसत तिच्या मागून चालले. दोनशे ट्रे झाले, पण बायको एकदाही अडली नाही. खरं सांगायचं तर माळीबुवांना लाज वाटत होती आणि बायकोचा अभिमानही वाटत होता.

"तुम्हाला लॅटिन येतं?" प्रमुख बाईंनी तिला विचारलं.

"छे हो! रोपं तेवढी कळतात."

"मग लॅटिन आम्ही शिकवू. उद्यापासून या."

अशी नोकरी लागली आणि घरही मिळालं. पहिल्या दिवशी कार्यालयातून घराचा फॉर्म आला. बायकोने तो भरला, सही केली आणि माळीबुवांपुढे सरकवला. 'कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती' या रकान्यात दोन ओळी होत्या. एक, वडील. दोन, पती.

माळीबुवांनी तो फॉर्म एकदाच वाचला. शब्द न् शब्द कळला!