सुर्वेकाकूंचा बाळू

सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातून परत येताना जिन्यात भेटलो, की शेजारच्या सुर्वेकाकू दोन्ही कानांत बोटं घालत आणि मोठ्याने आरती म्हणू लागत. देव कुठलाही चाले, आवाज मात्र टिपेचा लागे. सिंगापूरमधल्या बिशानच्या आमच्या इमारतीत लिफ्ट दर मजल्यावर थांबत नसे. वरच्या मजल्यावर उतरून एक जिना खाली यावाच लागे, त्यामुळे भेट चुकवायची सोय नव्हती. मी ओठ घट्ट मिटून भिंतीला चिकटून सरकायचो. समोरच्या मिसेस लिमना बरेच दिवस वाटत होतं की सोमवारी मला ओवाळण्याची आमच्यात प्रथा आहे.

कारण साधं होतं. तांजोंग पगारच्या ज्या कंपनीत मी प्रोग्रॅम लिहायचो, तिथला माझा साहेब डेव्हिड अमेरिकन होता. सोमवारी सकाळी अमेरिकन फुटबॉलचे सगळे निकाल आम्हाला ऐकवल्याशिवाय तो कामाला हात लावत नसे. तेच सामने सुर्वेकाकू महिना-दीड महिन्याने बघणार असत, आणि तोवर ते त्यांच्या लेखी झालेलेच नसत. निकाल पोटात घेऊन हिंडणारा मी म्हणजे त्यांच्या दृष्टीने चालताबोलता धोका होतो.

"पण काकू, सामना शिळा झालेला असतो ना?" मी एकदा म्हणालो.

"शिळा कसला? लोणचं काय घातल्या दिवशी खातोस? मुरू देतोस ना?"

सुर्वेकाका जहाजावर चीफ इंजिनिअर होते. वर्षातले नऊ-दहा महिने ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत तेल चढवत-उतरवत असत. तिथल्या खलाशांच्या क्लबात टीव्ही होता, टेप करायची सोय होती. काकांनी एकदा काकूंसाठी म्हणून एक सिनेमा टेप करायला सांगितला आणि कोणीतरी भलतंच बटण दाबून फुटबॉलचा सामना टेप केला. कॅसेट घरी लावली, काकू बंद करायला उठल्या, तेवढ्यात त्यांना बाळू दिसला. त्या पुन्हा खाली बसल्या, त्या कायमच्या.

तेव्हापासून कॅसेटी येऊ लागल्या. इंधन भरायला सिंगापूरला थांबत नाही असं जहाज विरळा, आणि ज्यावर एखादा रत्नागिरी-मालवणचा माणूस नाही असं जहाज तर त्याहून विरळा. कधी कुणी भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, हातात पिशवी घेऊन दारात उभा राही, कधी एखादा सेकंड इंजिनिअर. काकू त्याला आधी सुरमईचं कालवण आणि भात वाढत. मग त्यालाही सामना बघायला बसवत. जहाज सुटायची वेळ झाल्याशिवाय सुटका नसे.

आता बाळू. हा साडेसहा फूट उंच, दाराच्या चौकटीत आडवा करूनच घालावा लागेल असा गडी. अंगावर चौसष्ट नंबर. पाठीवर त्याचं खरं आडनाव होतं, पण ते काकूंच्या तोंडात बसेना, म्हणून त्याचा बाळू झाला. त्याचं सगळं चरित्र काकूंना पाठ होतं. काका मासिकं पाठवत, ती त्या शब्दकोश घेऊन वाचत. बाप लाकडाच्या वखारीत, चार बहिणी, घरात सर्वांत थोरला हा. संघांनी खेळाडू निवडले तेव्हा ह्याला अगदी शेवटी, घ्यायचा म्हणून घेतला. पहिलं अख्खं वर्ष बाकावर बसून त्याने दुसऱ्यांना पाणी दिलं. मग कुणाचा तरी खांदा निखळला आणि बाळू मैदानात उतरला, तो अकरा वर्षं हलला नाही. मधे लग्न झालं, जुळ्या मुली झाल्या. त्या मुलींच्या बारशाला काकूंनी बिशानमध्ये घुगऱ्या वाटल्या होत्या.

खेळ मला काकूंनीच समजावून सांगितला, पोळपाटावर आणि मेथीच्या दाण्यांनी. चेंडू फेकणारा म्हणजे नवरदेव. त्याच्यापुढे पाचजण उभे राहतात. समोरून राक्षस धावून येतात, त्यांना ह्या पाचांनी अडवायचं, नवरदेवाला धक्का लागू द्यायचा नाही. बस.

"आणि चेंडू?" मी विचारलं.

"ह्याच्या हातात चेंडू कधीच येत नाही," काकू अभिमानाने म्हणाल्या. "अकरा वर्षांत एकदाही नाही. नावसुद्धा कोणी घेत नाही. चूक झाली की तेवढं घेतात."

चूक म्हणजे समोरच्याला हाताने धरून ठेवणं. तसं झालं की पंच पिवळा रुमाल फेकतो. बाळूवर रुमाल पडला की काकू त्या पंचाची सात पिढ्यांपर्यंत चौकशी करत. "धरलं नाही रे, मेल्या, नुसता हात ठेवला!" पण रुमालाची कल्पना त्यांना फार पटली होती. त्यांच्या कमरेला कायम एक पिवळं फडकं खोचलेलं असे. मी चपला घालून आत आलो की पायाशी फडकं पडे. मिसेस लिमनी रांगेत पुढे घुसून मासे घेतले तेव्हा भर बाजारात त्यांच्यावरही पडलं. त्यांनी ते घडी करून परत दिलं आणि गुमान मागे जाऊन उभ्या राहिल्या.

दुसरं म्हणजे "पाय रोव." बाळूला ही सूचना दर मिनिटाला मिळे आणि उरलेली आम्हाला. माझी बायको मेधा नोकरीच्या मुलाखतीला निघाली तेव्हा काकूंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि तोंड भरून आशीर्वाद देण्याऐवजी एवढंच म्हणाल्या, "पाय रोव." मेधाला नोकरी मिळाली. तेव्हापासून ती त्यांच्याच पक्षात.

असं सगळं झकास चाललेलं असताना एका सोमवारी डेव्हिडने निकाल सांगितले आणि जाता जाता म्हणाला की चौसष्ट नंबरचा गुडघा गेला. साधा नाही, पुरता गेला. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. आता तो परत खेळणार नाही.

त्या संध्याकाळी काकू जिन्यात कानांत बोटं घालून गणपतीची आरती म्हणत होत्या. घरी येऊन मी मेधाला सांगितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी. जन्मात न भेटलेल्या कुण्या अमेरिकन माणसाच्या गुडघ्यासाठी आम्ही नवराबायको सिंगापूरमध्ये तोंडं पाडून बसलो. सांगावं तर काकूंचा नियम मोडतो. न सांगावं तर कॅसेट येणार, आणि काकू हसत हसत ती लावणार. मी व्हीसीआर साफ करून आणतो असं दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा पायाशी फडकं पडलं.

कॅसेट आली ती महिनाभराने, एका शनिवारी दुपारी. मालवणचा एक सेकंड इंजिनिअर घेऊन आला होता. त्याचं जहाज संध्याकाळी सुटून परत अमेरिकेलाच जाणार होतं. जेवणं झाली. शेंगदाण्याची पुडी घेऊन मिसेस लिमही आल्या. त्यांना खेळ कळत नसे, काकू आवडत. मी आणि मेधा फाशीचे कैदी बसावेत तसे बसलो.

आणि काय सामना होता! बाळू त्या दिवशी भिंत झाला होता, भिंत. येईल तो आपटून परत जात होता. काकू अर्ध्या खुर्चीत, अर्ध्या हवेत. "पाय रोव! आता खांदा लाव! अस्सं!" सेकंड इंजिनिअर टाळ्या पिटत होता. बाळूने एकाच वेळी दोघांना अडवलं तेव्हा मी सगळं विसरून ओरडलो. मिसेस लिमचे शेंगदाणे घरभर झाले.

मग ते झालं. नवरदेवाने चेंडू लांब, फार लांब फेकला. पलीकडच्या टोकाला एका पोराने तो उडी मारून झेलला. मैदान पेटलं. कॅमेरा त्याच्यामागे धावला. मिसेस लिम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "वा, सो क्लेव्हर लाह!" मी खाली फरशीकडे बघत होतो.

काकू उठल्या. टीव्हीपुढे गुडघे टेकून बसल्या आणि टेप मागे नेली. पुन्हा तोच चेंडू. कॅमेरा वळायच्या आधी एका क्षणी त्यांनी चित्र थांबवलं आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा बघ. इथे आहे तो."

बाळूचा पाय खाली दुमडलेला होता, नको तिकडे. पण त्याचे दोन्ही हात समोरच्या माणसाच्या छातीवर तसेच होते.

"पाय सुटला, पण माणूस सोडला नाही त्याने," काकू म्हणाल्या. "सगळं जग चेंडूकडे बघतंय. एकाने तरी ह्याच्याकडे बघायला नको?"

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी ह्यांचा फोन आला. एकदम टीव्हीवर बघून धक्का बसेल म्हणाले."

"मग आत्ता एवढं ओरडत होतात ते?"

"अरे, तोवर तो उभा होता ना." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "आणि तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं, ती मजा वेगळीच."

मग त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "बाळूचा गुडघा गेला, ते ह्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं. इंजिनरूममध्ये वाफेचा पाइप फुटून ह्यांचा स्वतःचा हात भाजला, ते मला कधी कळलं? घरी येऊन शर्ट काढला तेव्हा. जहाज वेळेवर लागलं म्हणून कॅप्टनचं कौतुक झालं म्हणे. मी त्या दिवशी बहुतेक इथे बायकांबरोबर हसत भिशी करत असेन."

इतकी वर्षं भिंतीपलीकडून मी ते "पाय रोव" ऐकत होतो आणि हसत होतो. पडद्यावरच्या बाळूला तर ते ऐकूच येत नव्हतं, आणि ज्यांना ऐकू जायला हवं ते समुद्रात, पाण्याखालच्या मजल्यावर, इंजिनाच्या आवाजात उभे होते.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन डबे घेऊन आल्या. डिंकाचे लाडू. मेथी घालून, हाडांसाठी. दोन्ही डबे त्यांनी सेकंड इंजिनिअरच्या मांडीवर ठेवले.

"एक बाळूच्या संघाच्या पत्त्यावर टाकायला सांगा ह्यांना. दुसरा ह्यांचा. ह्यांचाही गुडघा दुखतो. सांगत नाहीत, पण घरी येतात तेव्हा जिन्यातल्या पावलांवरून मला कळतं. आणि निरोप द्या, काही झालं की त्याच दिवशी फोन करायचा. मुरवत ठेवायचं नाही."

सोमवारी संध्याकाळी मी लिफ्टमधून उतरलो आणि सवयीने ओठ मिटून जिना उतरू लागलो. खालच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. हात कानांकडे गेले नाहीत, पदराचं टोक धरून होते.

"काय म्हणतो तुझा डेव्हिड? बाळू कसा आहे?"

ऑपरेशन झालं, कुबड्या घेऊन चार पावलं चालला, असं मी सांगितलं. काकू पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."