अकरा वर्षांची नागमणी

आमच्या शेजारच्या राजम्माक्कांची पोरगी नागमणी मी पाहिली तेव्हापासून अकरा वर्षांचीच. तिच्याहून धाकट्या पोरी बाराच्या होऊन पुढं निघून गेल्या. ही आपली अकरावरच.

सोलापुरात तेव्हा सगळं याच्या उलट चाले. बारा पुरी झाल्याशिवाय मूल गिरणीत घ्यायचं नाही, असा सरकारी कायदा होता. डॉक्टरांनी दात, उंची पाहून दाखला द्यायचा. मी त्याच डॉक्टरांकडे कंपाउंडर. आयाबाया नऊ वर्षांच्या पोराला बारा वय घोकवून आणत. अक्कांचं मात्र भलतंच. नागमणी उंच झाली, तर म्हणत, "आमच्यात अंगलटच तशी हाय." परकर आखूड झाला, तर कापड आटलं म्हणत. चाळ हसे. अक्का गिरणीच्या रीळखात्यात दिवसभर सूत गुंडाळून येत, हसणाऱ्यांकडे बघतही नसत.

शेवटी जॉबरनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमानं, पोरीसाठी जागा धरली आणि अक्कांचा नवरा हणमंतू दोघींना घेऊन दवाखान्यात आला. तो बाहेरच थांबला.

डॉक्टरांनी दात पाहिले. बारा पुरी दिसतात, म्हणाले.

"दात लवकर आलेत, सायेब," अक्का म्हणाल्या. "अकराचीच हाय."

डॉक्टरांना नवल वाटलं. सगळे वय वाढवतात, तुम्ही का कमी करता, असं त्यांनी विचारलं.

 अक्का हळू म्हणाल्या, "मी सात वर्षांची आसताना गिरणीत गेले. कायदा तवाबी आसंल, पर इचारतंय कोण? डोळा लागला की तोंडावर पाणी मारायचे. अकराव्या वर्षी पोरगी काय करती, मला ठावंच न्हाय. हिच्याकडं बघून कळतंय. दोरीवर उड्या मारती, उगाच हसती. आजून थोडं बघू द्या की."

डॉक्टरांनी पुन्हा तोंड उघडायला लावलं. मागची दाढ आलेली नाही, पुढल्या वर्षी आणा, म्हणाले. मला दाढ दिसत होती. मी बाटल्या पुसत राहिलो.

दाखला मिळाला नाही, हे मी बाहेर येऊन हणमंतूला सांगितलं. वाटलं, चिडेल. त्यानं पटका काढून कपाळ पुसलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता जॉबरला न्हाय म्हणाया तोंड हाय."

पोरीला घेऊन बाहेर आलेल्या अक्का त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतके दिवस आपण एकट्याच पोरीला धरून ठेवलंय, असं त्यांना वाटत असावं. मग त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिल्या.